आधी क्रियापद कुणाचं ते बघ

पत्र:

बाई, मी मूळची गडहिंग्लज तालुक्यातली. दीड वर्ष झालं, पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, जी जाहिरात येईल तिचा फॉर्म भरतो. गणित, बुद्धिमत्ता बरी आहे. मार्क खातंय ते मराठीच! टेस्ट सिरीजला पंचवीसपैकी चौदा-पंधराच्या वर जात नाही. ‘शुद्ध वाक्य ओळखा’, ‘अशुद्ध वाक्य ओळखा’ यातच जातात. व्याकरणाचं पुस्तक दोनदा संपवलो. नियम विचारा, घडाघडा सांगतो. पण चार वाक्यं समोर आली की चारही बरोबर वाटतात, नाहीतर चारही चूक. रूममेट म्हणते, मनातल्या मनात मोठ्यानं वाच, कानाला खटकेल ते चूक. माझ्या कानाला काही खटकतच नाही. वर ‘मी जातो, मी येतो’ म्हटलं की क्लासमधल्या मुली हसतात. बोलणंच बदलू का? चुकलेली पाच वाक्यं सोबत पाठवतो.
– एक अभ्यासिकावाली

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मास्तरणीच्या सवयीनं, दुसऱ्यांदा लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकून. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलं आहेस. ‘पुस्तक दोनदा संपवलो.’ या एका क्रियापदात तुझे दहा मार्क अडकलेत.

आधी रूममेटच्या सल्ल्याचं बघू. ‘कानाला खटकेल ते चूक’ हा सल्ला वाईट नाही, पण तो कान कुणाचा यावर सगळं अवलंबून आहे. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते. सोलापूर-लातूरकडे आणि तुमच्या सीमाभागात ‘मी काम केलो’ सर्रास ऐकू येतं. नागपूरकडचा मुलगा ‘मी अभ्यास करून राहिलो’ म्हणतो, मुंबईचा ‘मी त्याला बोललो’ म्हणतो. आणि तुझ्यावर हसणारी पुण्याची मुलगी ‘माझी मदत कर ना’ म्हणते, तेव्हा तिचं तिला ऐकू येत नाही. मराठीत मदत एखाद्या‘ला’ करतात, एखाद्या‘ची’ नाही. ती ‘ची’ हिंदीतून आली. म्हणजे गळती सगळ्यांच्याच कानात आहे, जागा तेवढ्या वेगवेगळ्या. परीक्षा विचारते ती छापील प्रमाण मराठी, आणि ती कुणाच्याच घरात जशीच्या तशी बोलली जात नाही. तुझा कान बिघडलेला नाही. तो गडहिंग्लजचा आहे, एवढंच.

आता ‘संपवलो’. कन्नडमध्ये भूतकाळातलं क्रियापद कर्त्यामागून जातं. मी केलो, तू केलास, असा सरळ हिशोब. प्रमाण मराठीत तसं नाही. भूतकाळात कर्म असलं की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरतं. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारी तूच, पण क्रियापदाला तुझी फिकीर नाही. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे तुला पाठ आहे, शंकाच नाही. मग पेपरात सुचत का नाही? कारण ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामं फसवी आहेत, ती आपला ‘ने’ दाखवतच नाहीत. ‘त्याने पुस्तक संपवले’ यात ‘ने’ दिसतो म्हणून आपण सावध होतो. ‘मी पुस्तक संपवले’ यात काहीच दिसत नाही. म्हणून मी, आम्ही, तू, तुम्ही आलं की मनात तिथे ‘तो’ आणि ‘त्याने’ घालून बघायचं. ‘तो पुस्तक संपवला’? हे बहुधा तुलाही खटकेल.

पण तुझ्या यादीतलं पहिलंच चुकलेलं वाक्य नेमकं उलट्या बाजूचं आहे. तू ‘त्याने धडा विसरला’ हे शुद्ध धरलंस. इथे कानाने तुला फसवलं नाही, नियमाने फसवलं! भूतकाळ आहे, कर्म आहे, म्हणजे ‘ने’ हवाच, असं म्हणून तू खूण केलीस. पण काही क्रियापदं या शिस्तीत बसत नाहीत. ती मराठी शिकली, ती नऊवारी नेसली, तो धडा विसरला, तो खोटं बोलला. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्यामागून जातं. शिकणे, विसरणे, नेसणे, बोलणे ही चार तरी वहीच्या पहिल्या पानावर लिही, कारण पेपर काढणाऱ्याला ती फार आवडतात. जिंकणे दोन्हीकडे चालतं: ‘ती स्पर्धा जिंकली’ आणि ‘तिने स्पर्धा जिंकली’. पिण्याचंही तसंच. अशा क्रियापदावर प्रश्न आला तर चूक दुसरीकडे कुठेतरी असणार, तिथे शोध.

मग नियम कधी लावायचा आणि कधी नाही? मी इतकी वर्षं मुलांना एकच सांगत आले. वाक्य सुरुवातीपासून वाचू नकोस, शेवटापासून वाच. मराठी वाक्याचं क्रियापद बहुतेक वेळा शेवटी बसतं. त्याच्यावर बोट ठेव आणि विचार, ‘तू कुणाचं?’ कर्त्याचं की कर्माचं, की कुणाचंच नाही? हे ‘कुणाचंच नाही’ फार महत्त्वाचं. ‘पोलिसांनी चोरांना पकडले.’ इथे कर्त्याला ‘नी’ लागला, कर्माला ‘ना’ लागला, दोघांनीही दार लावून घेतलं. मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात एकटंच बसतं. ‘बाईंनी मुलींना गाणे शिकवले’ ठीक. गाणे मोकळं आहे, क्रियापद त्याच्यामागे गेलं. ‘बाईंनी मुलींना शिकवल्या’ चूक, कारण ‘मुलींना’ला प्रत्यय आहे आणि प्रत्यय लागलेल्या शब्दाच्या मागे क्रियापद जात नाही. खरं तर हे एकच वाक्य लक्षात ठेवलंस तरी कर्तरी, कर्मणी, भावे या तीनही प्रयोगांचं काम भागतं: क्रियापद मोकळ्या शब्दामागे जातं, प्रत्ययवाल्यामागे नाही. कर्ता आणि कर्म दोन्ही मोकळे असले, तर कर्ता जिंकतो (‘मी’, ‘तू’चा लपलेला ‘ने’ मात्र आधी धरायचा).

आता तुझं दुसरं वाक्य घे: ‘गावातील शेतकऱ्यांच्या मागण्यांचे निवेदन काल तहसीलदारांना देण्यात आल्या.’ तुला ते शुद्ध वाटलं, कारण ‘शेतकऱ्यांच्या’, ‘मागण्यांचे’, ‘तहसीलदारांना’ असं अनेकवचनच अनेकवचन कानात घुमत राहिलं आणि शेवटी ‘आल्या’ आलं तर वावगं वाटलं नाही. प्रश्न काढणारा हेच करतो. क्रियापद ज्याचं आहे त्या शब्दाभोवती गर्दी जमवतो. शेवटापासून ये. देण्यात आल्या. काय देण्यात आल्या? तहसीलदारांना – प्रत्यय आहे, पुढे चल. काल – हा फक्त कधी ते सांगतो, पुढे चल. मोकळा शब्द एकच, निवेदन. ‘निवेदन देण्यात आले.’ दहा सेकंदांचं काम आहे, पण बोट कागदावर, किंवा आता संगणकावर परीक्षा असते तर पडद्यावर, खरोखर फिरवावं लागतं.

तिसरं वाक्य, ‘येथे शुद्ध गाईचे तूप मिळेल’. दुकानांच्या पाट्यांवर हे इतकं वाचलंय की डोळा सरावलाय. शुद्ध काय, गाय की तूप? म्हणून ‘गाईचे शुद्ध तूप’. पण यात एक गंमत आहे, जी पुस्तकात सहसा सांगत नाहीत. ‘शुद्ध’ऐवजी ‘चांगला’ घालून बघ. ‘चांगल्या गाईचे तूप’ आणि ‘चांगले गाईचे तूप’. पहिल्यात गाय चांगली, दुसऱ्यात तूप, आणि क्रम तोच असूनही कुणाचा गोंधळ होत नाही, कारण विशेषणाचं शेपूटच सांगतं ते कुणाचं आहे ते. ‘शुद्ध’ला असं शेपूट नाही, ते कुठेही बदलत नाही. म्हणून त्याला आपल्या नामाला चिकटूनच बसावं लागतं. शुद्ध, सुंदर, लाल, गरीब असली न बदलणारी विशेषणं पर्यायात दिसली की ती कुणाशेजारी बसलीत ते आधी बघ.

चौथं, ‘मला त्याचा पत्ता माहित आहे’. इथे क्रियापद निर्दोष आहे, प्रयोग निर्दोष आहे, आणि तू तिथेच शोधत बसलीस. चूक एका वेलांटीची आहे: माहीत. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, जसं गरीब, वकील, बहीण, फूल. ‘सहित’, ‘गणित’, ‘मंदिर’ यांत ऱ्हस्व राहतो कारण ते शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले. ‘माहीत’ तसा नाही. लोक ‘सहित’च्या धर्तीवर ‘माहित’ लिहितात, वर्तमानपत्रंही लिहितात, म्हणून डोळ्याला काही वाटत नाही. त्याच पोटातला दुसरा सापळा म्हणजे प्रत्यय लागल्यावर हा दीर्घ ऱ्हस्व होतो. वकील पण वकिलाने, बहीण पण बहिणीला, फूल पण फुलाचा. पुन्हा संस्कृत शब्दाला सवलत: शरीर–शरीराला. ‘माझ्या बहीणीने वकीलाला फी दिली’ या वाक्यात दोन चुका आहेत आणि व्याकरण मात्र धडधडीत बरोबर आहे. आणि ‘मला माहिती आहे’चं काय, असं विचारशील. माहिती ही मिळते, गोळा होते, अर्जात भरतात. ठाऊक असणं या अर्थाने ‘माहीत’. परीक्षेत तरी हा भेद पाळ.

पाचव्याला फार वेळ नको. ‘जरी पाऊस पडला पण सामना झाला.’ जरीचा जोडीदार तरी, जरचा तर. जोडी तुटली की वाक्य गेलं. ‘अंदाजे सुमारे पन्नास’ आणि ‘पिवळा पीतांबर’ हेही असंच एका नजरेत सुटणारं: एकाच गोष्टीचे दोनदा पैसे.

आता खरी पद्धत. तू चार पर्याय म्हणजे चार वेगळी वाक्यं समजून एकेक तपासतेस, म्हणून चारही बरोबर वाटतात. ते एकच वाक्य आहे, चार जागी किंचित कुरतडलेलं. हे बघ, मीच एक बनवते.

१) प्रत्येक विद्यार्थ्यांनी आपली पुस्तके आणावीत.
२) प्रत्येक विद्यार्थ्याने आपले पुस्तके आणावीत.
३) प्रत्येक विद्यार्थाने आपली पुस्तके आणावीत.
४) प्रत्येक विद्यार्थ्याने आपली पुस्तके आणावीत.

आडवं वाचू नकोस, उभं वाच. पहिल्या शब्दाखाली पहिला शब्द, दुसऱ्याखाली दुसरा. ‘प्रत्येक’ चारही ठिकाणी तेच, सोडून दे. दुसरा शब्द: विद्यार्थ्यांनी, विद्यार्थ्याने, विद्यार्थाने, विद्यार्थ्याने. बदललं! म्हणजे इथे प्रश्न आहे. ‘प्रत्येक’ म्हणजे एकेक जण, म्हणून एकवचन, पहिला गेला. ‘विद्यार्थी’चं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारं रूप, विद्यार्थ्या-, ‘य’ हवाच, तिसरा गेला. तिसरा शब्द: आपले की आपली? पुस्तके नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणून आपली, दुसरा गेला. उरला चौथा. पाठ केलेल्या नियमांपैकी तीनच लागले, आणि कुठले लावायचे ते पर्यायांनीच सांगितलं. चारही पर्याय शब्दरचनेत एकसारखे दिसले आणि फक्त वेलांट्या-उकार हलले असले, तर तो शुद्धलेखनाचा प्रश्न. प्रयोगाचा विचारच करू नकोस. पर्यायांमधली वाक्यं अगदी वेगवेगळी असली, तरच शेवटापासून बोट फिरव.

वेळेचंही गणित सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना दोन तास होते. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, ५४ सेकंद. गणिताला जास्त लागतात, ते कुठून काढायचे? मराठीतूनच. उभं वाचायची सवय झाली की असा प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत सुटतो. आणि नाही सुटला तर तलाठीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नव्हते, पण लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत कापतात. तिथे दोन पर्याय नक्की खोडता आले नाहीत तर पुढे जा.

नियम पाठ करणं आता थांबव. दोनदा पुस्तक ‘संपवलेल्या’ मुलीला तिसऱ्यांदा वाचून काही मिळणार नाही. त्याऐवजी दोनशे पानी वही घे. चुकलेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं लिही, क्रियापदाखाली रेघ मार, आणि समोर चूक एका शब्दात लिही: ‘कर्म’, ‘जोडी’, ‘वेलांटी’, ‘लिंग’. महिन्याभरात दिसेल की तुझ्या चुका फार तर सात-आठ प्रकारच्या आहेत. लिंगाचं पान मोठं होईल, त्याची तयारी ठेव. ‘वेळ’ हा शब्दच बघ. माझा वेळ वाया गेला, पण माझी बस सुटायची वेळ झाली. खर्च होतो तो वेळ, येते ती वेळ. हे कुठल्या सूत्रात बसवणार? वहीतच बसतं.

वाचायचं असेल तर बालभारतीची आठवी ते दहावीची जुनी पुस्तकं वाच. मी विनोद करत नाही. बातमीच्या घाईत छापलेल्या मजकुरापेक्षा ती शुद्धलेखनाच्या नियमांना कितीतरी धरून असतात. नियम म्हणजे तेच, मराठी साहित्य महामंडळाचे: १९६२ चे चौदा आणि १९७२ ची चारची भर, एकूण अठरा. दोन-तीन पानांत मावतात. त्यांत ‘तुम्हांस’, ‘आपणांस’ असा अनुस्वार आहे. रोजच्या लिहिण्यातून तो जवळजवळ गेलाय. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले आणि फरक असल्या अनुस्वाराचा असला, तर छापील नियमाच्या बाजूला जा. मी या उत्तरात ‘केलं, झालं’ लिहिते आहे, पेपरात ‘केले, झाले’ येईल. बोलण्यातलं लिहिताना हा अनुस्वार नियमांनाही मान्य आहे, तेवढ्यावरून वाक्य अशुद्ध ठरवू नकोस.

उत्तरतालिकाच चुकली असं वाटलं तर हरकत घे, पण ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ हा पुरावा होत नाही. व्याकरणाच्या मान्य पुस्तकाचं पान लाव. आणि हरकत घ्यायच्या आधी एक रात्र जाऊ दे. मी स्वतः एकदा आठवडाभर वाद घालून शेवटी प्रश्न ‘अशुद्ध पर्याय ओळखा’ असा होता हे वाचलं होतं. प्रश्नातला ‘अ’ आधी बघ बाई!

राहिलं तुझं बोलणं. ‘मी येतो’ म्हणणं बदलू नकोस. तुझी आई तसंच बोलत असणार, आजीही. ती चूक नाही, ती तुमच्याकडची रीत आहे, आणि उद्या तलाठी होऊन गडहिंग्लजकडच्याच एखाद्या सज्जावर गेलीस तर समोर बसलेली बाई त्याच भाषेत सातबारा मागेल. पेपरात मात्र ‘मी अभ्यास करतो’ हे वाक्य एखाद्या मुलीच्या तोंडी दिलं असेल तर खूण ‘करते’वर कर. आपण घरात एक बोलतो आणि अर्जात एक लिहितो, हे तर सगळेच करतात. हसणाऱ्या मुलींना एकदा विचार, ‘तुझी मदत करू की तुला मदत करू?’ कोण किती वेळ थांबतं ते बघ.

पुढची टेस्ट झाली की चुकलेले सगळे प्रश्न पाठव. उत्तरं मी लिहिणार नाही. क्रियापदाखाली रेघ मारलेली असेल तरच लिफाफा उघडेन.